घनतेचे वाचन

भाईंदर ते वसई या खाडीपट्ट्यातील मिठागरांत हायड्रोमीटर हे काही परके यंत्र नव्हे. काचेची बंद नळी, तळाशी वजन, वर अंशांची पट्टी. द्रव जितका दाट, तितकी नळी वर तरंगते. ही पट्टी आंत्वान बोमे या फ्रेंच औषधनिर्मात्याने १७६८ मध्ये आखली. शुद्ध पाण्याला त्याने शून्य मानले आणि वजनाने १५ टक्के मीठ असलेल्या द्रावणाला १५. म्हणजे हे माप मुळातच मिठाचे. समुद्राचे पाणी तिच्यावर तीन-साडेतीन अंश दाखवते. पंचविशीच्या आसपास मिठाचे दाणे धरू लागतात.

वसईत वाढलेला माझा भाचा इंग्लंडात घरी बिअर करतो. (आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्यावाचून हे करता येत नाही, तिकडे १९६३ पासून स्वतःपुरत्या बिअरला परवाना लागत नाही.) तयार अर्क न वापरता तो अंकुरवून वाळवलेले जव भरडतो, ६५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर भिजत ठेवतो, पिष्टाची साखर झाली की ते गोड पाणी गाळून उकळतो. त्याचा एकदा उद्विग्न फोन आला. "मामा, आकडा १.०५० यायला हवा होता, १.०२२ आला. जव शिळे दिलेत. दुकानदाराला पत्र लिहून ठेवलंय, फक्त पाठवायचं बाकी आहे."

मला त्या आकड्याहून त्या पत्राची काळजी वाटली. दुधाच्या बाबतीतही असा अन्याय घडू शकतो: लॅक्टोमीटर फक्त घनता सांगतो आणि साय हलकी असते, त्यामुळे निव्वळ सायीच्या दुधावरही पाण्याचा संशय येतो; उलट साय काढून पाणी घातलेले दूध निर्दोष सुटते.

मी विचारले, नमुना किती गरम होता? पन्नास अंश. नळीवर तर वीस अंश छापलेले. तापलेला द्रव विरळ होतो. पन्नास अंशांना साधारण.०१० इतकी घट येते. म्हणजे १.०३२. नमुना घेतला कुठून? वरून, न ढवळता. अवकाळी पाऊस पडला की मिठाच्या वाफ्यात गोडे पाणी वर तरंगत राहते आणि दाट पाणी तळाशी. त्याच्या पातेल्यात पहिला दाट निचरा खाली होता, चोथा धुतलेले पातळ पाणी वर. ढवळून, निववून मोजल्यावर १.०४० आले. उरलेली तूट यंत्राची नव्हती, वाचणाऱ्याची होती: कृतीतला १.०५० हा उकळून वीस लिटर उरल्यानंतरचा आकडा, आणि पातेल्यात होते पंचवीस लिटर. उकळीत पाणी जाते, साखर जात नाही; २५ गुणिले ४० आणि २० गुणिले ५०, दोन्ही हजारच.

इंग्रजीत पुस्तकाच्या आणि यंत्राच्या वाचनाला 'रीडिंग' हा एकच शब्द आहे. आमच्या वर्गांत एका कडव्यावरून कवीचा निकाल लावणारे विद्यार्थी (आणि परीक्षकही) मी पुष्कळ पाहिले. त्यांनी वाचलेले कडवे खोटे नसते. नमुना वरचा असतो, इतकेच. असो.

दोन आठवड्यांनी पुन्हा फोन. आंबवण १.०२५ वर अडकले होते, आणि आणखी यीस्ट घालावे की तशाच बाटल्या भराव्यात, असा त्याला प्रश्न पडला होता. दुसरा पर्याय धोक्याचा. साखर खरोखर शिल्लक असेल तर बंद बाटलीत वायू साठून ती फुटते. पण या वेळी त्याने रिफ्रॅक्टोमीटर वापरला होता. ते यंत्र प्रकाशाचे वळणे मोजते, आणि मद्यार्कामुळेही प्रकाश पाण्यापेक्षा अधिक वळतो. म्हणून साखर संपल्यावरही ते साखर दाखवत राहते. हायड्रोमीटरमध्ये १.०१० आले. मद्यार्क पाण्याहून हलका असल्याने हाही निव्वळ साखरेचा आकडा नव्हे, हे त्याला सांगावे लागले. तीन दिवस तीच नोंद आल्यावरच त्याने बाटल्या भरल्या.