तिळातिळानें

वर्षांतला सर्वांत लहान दिवस कोणता असें विचारलें, तर शाळेंतला मुलगाहि ‘२२ डिसेंबर’ असें सांगेल, आणि तें बरोबरच आहे. पुण्याच्या अक्षांशावर त्या दिवशीं सूर्य सुमारें ११ तास क्षितिजाच्या वर असतो. पुढें दिनमान वाढूं लागतें. उत्तरायणाचा आरंभ तो हाच. परंतु हा आरंभ ज्याला डोळ्यांनीं पाहावयाचा असेल, त्याची मात्र पुरती निराशा होते. पहिल्या १० दिवसांत मिळून दिवस वाढतो तो अवघा एक मिनिट! मार्चमध्यें एका दिवसांत जेवढी कमाई होते, तेवढीच येथें दहा दिवसांची.

या घटनेच्या इंग्रजी नांवाच्या मुळाशीं ‘सूर्याचें थांबणें’ असा लॅटिन अर्थ आहे. आपल्या पूर्वजांनीं तिच्यासाठीं ‘अयन’ हा शब्द योजिला. अयन म्हणजे जाणें. एकाच क्षणाला एकानें थांबणें म्हणावें आणि दुसऱ्यानें चालणें म्हणावें, हें पाहून प्रथम नवल वाटतें. पण खोटें कोणीच बोलत नाहीं. डोळ्याला सूर्य थांबलेला दिसतो; गणिताला तो चालूं लागलेला असतो.

या दोहोंमधील अंतर केवढें असतें, तें मला २००२ सालच्या हिंवाळ्यांत कळलें. त्या वर्षीं दिवाळीनंतर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला. वाचा लवकरच सुधारली. उजवा हात मात्र मांडीवर तसाच पडून राही. डॉक्टर आठवड्याला येत, बोटें हलवून पाहत आणि ‘सुधारणा आहे’ असें सांगून जात. ती सुधारणा आम्हांला कोणालाच दिसत नसे. अण्णांना तर नाहींच. दुपारीं त्यांची खुर्ची दक्षिणेकडच्या पडवींत ठेवलेली असे. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळें मध्यान्हीं ऊन पडवींत खोलवर शिरे. २२ डिसेंबरला अण्णा मला म्हणाले, “अरे, तुझा खडू आण. ऊन कुठवर आलें आहे तिथें रेघ ओढ.” शहाबादी फरशीवर मीं रेघ ओढली. दुसऱ्या दिवशीं ऊन त्याच रेघेवर. तिसऱ्या दिवशींहि तेथेंच. आठवड्यानें पाहिलें, तर फरक रेघेच्या जाडीएवढा. अण्णा बराच वेळ त्या रेघेकडे पाहत बसले, मग म्हणाले, “तुझा सूर्यहि डॉक्टरांसारखाच दिसतो. सुधारणा आहे म्हणतो, दाखवीत कांहीं नाहीं.”

आईचा पक्ष याहून कडक होता. ती पहांटे उठणारी. “दिवस मोठा होऊं लागला म्हणतोस, मग मला सकाळीं अजून दिवा का लावावा लागतो?” असा तिचा सवाल. आणि गंमत अशी कीं, ज्योतिषशास्त्र तिच्याच बाजूचें आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आंस कललेला. म्हणून खरी मध्यान्हवेळ घड्याळाच्या एकाच ठोक्यावर येत नाहीं. या दिवसांत ती रोज थोडी थोडी उशिरा होत जाते. त्यामुळें आपल्याकडे संध्याकाळ नोव्हेंबरअखेरीसच लांबूं लागते, पण सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत मागें मागेंच पडत राहतो. सकाळ सुधारूं लागते ती संक्रांतीच्या सुमारास!

संक्रांतीच्या दिवशीं आम्हीं पुन्हां रेघ ओढली. दोन रेघांत आठ बोटांचें अंतर होतें. अण्णांनीं तें मला माझीं बोटें लावून मोजावयास लाविलें. उजव्या हातांत तिळगूळ मात्र त्यांना घेतां आला नाहीं. आईनें तो डाव्या तळहातावर ठेवला. पुढें रथसप्तमीला तिनें तुळशीपुढें रांगोळीनें सूर्याचा रथ काढला आणि गोवऱ्यांवर दूध उतूं घातलें. त्या दुपारीं ऊन पहिल्या रेघेपासून हातभराहून अधिक हटलें होतें. डब्यांतल्या हलव्याचा एक दाणा अण्णांनीं उजव्या हाताच्या आंगठ्यांत आणि तर्जनींत धरून उचलला. तोंडापर्यंत तो पोंचला नाहीं, वाटेंतच गळला. पण उचलला गेला होता. तो हात पुढें पुरता असा कधींच सुधारला नाहीं. सही ते अखेरपर्यंत डाव्या हातानेंच करीत. सूर्य ठरल्या वाटेनें पूर्ण परत येतो. माणसाचें तसें नसतें.

आतां पंचांगाविषयीं. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९५७ सालीं भारत सरकारची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तींत पौष मास २२ डिसेंबरला लागतो. आपली संक्रांत मात्र निरयन गणनेची. संपातचलनामुळें ती खऱ्या अयनापासून सुमारें ७० वर्षांना एक दिवस या मानानें दूर सरकत आली असून, आज हें अंतर तीन आठवड्यांहून थोडें अधिक आहे. सण मागें आणावा असें सुधारक म्हणतात, आणि शास्त्रदृष्ट्या त्यांचें म्हणणें बिनतोड आहे. आणखी कांहीं शतकांनीं अंतर फारच वाढेल, तेव्हां काय करावयाचें तें त्या वेळचे लोक ठरवितील. आज मात्र मला दोन्ही दिवस हवे आहेत. ज्या घरांत कोणी अंथरुणाला खिळलेलें असतें, तेथें फरक दिसत नसतांना रेघ ओढून ठेवावी लागते, आणि फरक दिसूं लागला कीं तोंड गोडहि करावें लागतें. पहिलें काम २२ डिसेंबरचें, दुसरें संक्रांतीचें.

दिवस तिळातिळानें वाढतो, असें आपल्या बायका म्हणतात. मी तो नुसता सणाला शोभणारा शब्द समजत असें. एवढीशी वाढ पाहणाऱ्याला दिसत नाहीं, हें पुरतें ठाऊक असल्यामुळेंच त्यांनीं माप म्हणून तीळ निवडला असावा.