पहिला शब्द

23 जुलै 2023, रविवार. कर्जतला आम्ही आठ-दहा कुटुंबं एका घराच्या हॉलमध्ये उपासनेला जमतो. शेवटी येशूने शिकवलेली प्रार्थना सगळे एकत्र म्हणतात. मला ती झोपेतसुद्धा म्हणता येईल. त्या दिवशी मात्र सुरुवातीलाच अडकलो. देवाला 'पिता' म्हणून हाक मारायची होती आणि तो शब्द तोंडातून निघेना.

चारच दिवसांपूर्वी, 19 जुलैच्या रात्री, शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली होती. वर जायला गाडीरस्ता नव्हता. माणसं पावसाचिखलातून पायी चढली, हातांनी माती उपसत राहिली. त्याच रविवारी शोध थांबवला गेला. 27 मृतदेह सापडले, 57 जण सापडलेच नाहीत. काही मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. त्यांच्यातल्या काहींना आईबाप उरले नाहीत. त्या मुलांच्या जागी उभं राहून मी 'पिता' म्हणून बघत होतो. जमत नव्हतं.

आमच्या घरात हा शब्द तसाही जड. पप्पा म्हणजे धाक. सहलीचे पैसे असोत की इंजिनिअरिंगची फी, विषय मम्मीमार्फत जायचा. मराठी घरांत यात नवीन काही नाही. 1895 साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारली, वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतात तशी. मला ते कायम सोपं वाटलंय. आईवर विश्वास ठेवावा लागत नाही, तो असतोच. बापावर ठेवावा लागतो.

घरी परतताना छत्रीखाली मी पप्पांना विचारलं, "पप्पा, त्या वाडीतल्या लोकांचा तो बाप नव्हता का?"

ते बराच वेळ नुसते चालत राहिले. मला वाटलं, आता ओरडणार.

"मला नाही माहीत," ते म्हणाले. मग थांबून, "हे तू उपासनेत कोणाला का नाही विचारलंस?"

"तुम्हालाच विचारणार ना."

"मग झालं तर."

मम्मीला मध्ये न घालता त्यांना काही विचारायची ती माझी पहिलीच वेळ असावी.

पप्पांची नोकरी कर्जतच्या बँकर इंजिनांवर झाली. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बोरघाट चढायला ही इंजिनं मागून लावतात. चढ म्हणजे 37 फुटांमागे 1 फूट. मागच्या ड्रायव्हरला पुढचा सिग्नल दिसत नाही, समोर फक्त शेवटच्या डब्याची पाठ. पुढच्या इंजिनाकडून शिट्टी किंवा वॉकीटॉकीवर निरोप आला की जोर लावायचा. आपल्याला पुढचं दिसत नाही, हे कबूल करणं त्यांना माझ्याइतकं अवघड जात नाही. माझ्या कामात सर्व्हर बंद पडला की लॉग वाचून कारण शोधतात, आणि ते सापडेपर्यंत मला झोप येत नाही. इर्शाळवाडीचंही कारण सांगता येतं: तीव्र उतार, मुसळधार पाऊस. पण ते मातीचं कारण झालं. माझा प्रश्न त्याने सुटत नव्हता.

त्या रात्री फोनवर मार्कचं शुभवर्तमान उघडलं. गेथशेमाने बागेत येशू देवाला 'अब्बा' म्हणतो. ही अरामी भाषेतली बापाला मारायची हाक. पुढ्यातलं दुःख टळावं म्हणून तो विनवतो. ते टळत नाही. काही तासांनी वधस्तंभावरून, आपल्याला का टाकलं, असं तो विचारतो, तेव्हा मार्कने लिहिलेल्या त्या हाकेत 'अब्बा' नाही, 'देव' आहे. कितीदा वाचलेला भाग, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. त्या क्षणी तो शब्द त्याच्याही ओठांवर नव्हता. तरी प्रश्न त्याने त्यालाच विचारला.

प्रेमळ बाप म्हणजे आपल्यावर दरड कोसळू न देणारा, असं मी धरून चाललो होतो. त्या रात्री वाटलं, दरड कोसळल्यावर ज्याच्याकडे तोंड वर करून 'का' म्हणता येतं, तोही बापच. याने इर्शाळवाडीचं काहीच भरून निघत नाही, हे मला कळतं.

त्या आठवड्यात मदत गोळा होत होती तिथे पप्पांनी चार नव्या चादरी दिल्या. नाव लिहू नका म्हणाले. ख्रिस्ती माणसाने आदिवासींना काही दिलं की त्याचा काय अर्थ काढला जातो, ते आम्हाला ठाऊक आहे. परत येताना मला म्हणाले, "प्रार्थनेत आपण 'माझा' नाही म्हणत. 'आमचा' म्हणतो."

अजूनही मी कधीकधी पहिल्या शब्दाला अडकतो. मग गप्प राहतो. शेजारी पप्पांचा आवाज चालू असतो. दुसऱ्या ओळीपासून मीही म्हणू लागतो.