रविवारी बंद

बॅकअप घेणं सोपं. कुठली प्रत किती दिवस ठेवायची आणि कधी पुसायची, हे ठरवणं अवघड. मला ते पुण्यातल्या एका छोट्या छापखान्यात कळलं.

तिथल्या सर्व्हरवर मी आरस्नॅपशॉट हे बॅकअपचं साधन बसवलं होतं. रोजच्या ७ प्रती, आठवड्याच्या ४, महिन्याच्या ६. टेपच्या काळापासून चालत आलेली मुलगा-बाप-आजोबा ही मांडणी. टेपवर एक धास्ती असे. रविवारची पूर्ण टेप, पुढे रोज फक्त त्या दिवसाचे बदल. बुधवारची टेप खराब निघाली की शुक्रवारची हातात असूनही काम अडायचं. आरस्नॅपशॉटमध्ये न बदललेल्या फायलीला हार्ड लिंक मिळते, म्हणजे डिस्कवर मजकूर एकच, नावं अनेक. कुठल्याही दिवसाचं फोल्डर उघडा, अख्खं दिसतं. त्या निश्चिंतीत मी गाफील राहिलो.

कारण यात फायली आणायचं काम फक्त रोजचा फेरा करतो. आठवड्याचा फेरा नवं काही आणत नाही; सगळ्यात जुनी रोजची प्रत, डेली.६ (मोजणी शून्यापासून), उचलून आपल्या नावावर करतो. महिन्याचा तसाच आठवड्याकडून घेतो. आठवड्याचा फेरा मी क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, रविवारी पहाटे ३ वाजता लावला होता. आणि मालक शनिवारी संध्याकाळी मेन स्विच पाडूनच कुलूप लावत. चुकलेलं काम क्रॉन मागाहून करत नाही. रोजच्या ७ प्रती फिरत राहिल्या, जुनी पुसली जात राहिली; आठवड्याचं फोल्डर कधी तयारच झालं नाही.

गणपतीच्या सुमारास, दिवाळी अंकाच्या धांदलीत, टायपिंग करणाऱ्या ताईंनी एक लेख उघडला. ४० पानांचा, आणि समोर पहिली दोनच पानं. जुलैत कधीतरी तो तसाच सेव्ह झाला होता. माझ्या सातही प्रतींत तीच दोन पानं.

“सर, महिन्याची प्रत असेल ना?” ताईंनी विचारलं.

जुन्या प्रुफांवरून लेख पुन्हा टाइप करायला चार रात्री गेल्या. चारही रात्री मी शेजारी बसून वाचून दाखवत होतो.

आता कुठेही वेळापत्रक मांडण्याआधी मी दोन गोष्टी विचारतो: मशीन कधी बंद असतं, आणि झालेली चूक तुमच्या लक्षात यायला किती दिवस जातात? छापखान्यात ती पुढच्या प्रुफाला सापडते, हिशेबाच्या कामात कधीकधी थेट मार्चअखेर. सात दिवसांचा आकडा सगळ्यांना सारखाच लावणं मला आता पटत नाही.

छापखान्यातला आठवड्याचा फेरा सोमवारी संध्याकाळी लागतो, रोजच्या फेऱ्याच्या आधी. महिन्याचा त्याच्याही आधी. आणि महिन्यातून एकदा मी ताईंना म्हणतो, कुठलीही जुनी फाईल मागा. परवा त्यांनी दिवाळी अंकातला एक लेख मागितला. मंथली.४ मध्ये तो सापडला. ताईंनी उघडला आणि एकेक पान करत थेट शेवटपर्यंत नेला.