पंढरपूरचे हुसेन, चादरीवरचा मोर

चित्र आधी की चित्रकाराचं नाव आधी, हा प्रश्न काही केल्या सुटत नाही. सहावी-सातवीतल्या मुलाच्या हाती एखाद्या मोठ्या चित्रकारावरचं पुस्तक पडलं की आठ दिवसांत त्याला चार गोष्टी तोंडपाठ होतात. व्हॅन गॉगनं स्वतःचा कान कापला. पिकासो मूळचा स्पेनचा. हुसेन अनवाणी फिरायचे. चौथी गोष्ट बहुधा पैशांची असते: कुठलं चित्र किती कोटींना गेलं. सगळं खरं आहे, आणि चित्र बघायला त्यातलं फारसं काही उपयोगी पडत नाही. कानाला पट्टी बांधलेलं स्वतःचं चित्र व्हॅन गॉगनं १८८९ साली काढलं. ती पट्टी सगळ्या मुलांना दिसते, कारण ती शोधायलाच सांगितलेली असते. पण पाठीमागच्या भिंतीवर एक जपानी छापचित्र लावलंय, डोक्यावर केसाळ टोपी आहे, अंगात जाड हिरवा कोट आहे. घरात बसूनही माणूस गारठलाय हे त्यावरून कळतं. तिथपर्यंत नजर जात नाही. गोष्टीनं नजरेचं काम आधीच उरकलेलं असतं.

सोलापुरात हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, १७ सप्टेंबर १९१५ चा. सोलापूरहून पंढरपूर एसटीनं दीड-दोन तासांवर. चेन्नईच्या तुलिका प्रकाशनानं मुलांसाठी त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं, त्याचं नावच ‘बेअरफूट हुसेन’. चेन्नईतल्या मुलाला जो माणूस पुस्तकातून भेटतो, तो आपल्या जिल्ह्यात जन्मला हे इथल्या कितीतरी मुलांच्या कानावरही पडलेलं नसतं. हे कुणाला सांगावं, तर समोरचा सोलापूरकर मान हलवतो आणि म्हणतो, पिकतं तिथं विकत नाही.

म्हण चपखल वाटते. पण सोलापूरला लावून बघितली की डळमळायला लागते. इथं पिकतं ते इथंही विकतं. शेंगाचटणी इथलीच माणसं किलोकिलोनं नेतात. कडक भाकरी घरोघरी खाल्ली जाते आणि पाकिटात बांधून पुण्या-मुंबईच्या लेकरांना पाठवलीही जाते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीवर जिल्हा जेवतो. चादर तर पाहुण्यांना द्यायलाही हीच आणि घरात पांघरायलाही हीच. सांगोल्याच्या डाळिंबाचा निवडक माल बाहेर जातो, तेवढा अपवाद धरावा. मग ही म्हण इतक्या सहज तोंडात येते ती कशाच्या जोरावर?

मुळात ती मुबलकतेची म्हण आहे. ज्या गावात प्रत्येकाच्या परसात भोपळ्याचा वेल असतो, त्या गावात भोपळा कोण विकत घेणार? माल वाईट असतो म्हणून नाही, सगळ्यांकडे असतो म्हणून त्याला किंमत नसते. पंढरपुरात १९१५ साली चित्रकारांचं असं पीक आलं होतं का? नाही. तेव्हा हुसेन यांच्यावर ही म्हण बसत नाही. शिवाय ते पंढरपुरात जन्मले एवढंच, पिकले दुसरीकडे. आई झैनब गेली तेव्हा मूल जेमतेम दीड वर्षाचं होतं. वडील इंदूरला गेले. इंदूरला देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली चित्रकार तयार होत होते, नारायण श्रीधर बेंद्रे त्यांतलेच. हुसेनही तिथल्या कलाशाळेच्या संध्याकाळच्या वर्गाला जात. पुढे मुंबईत सिनेमाची भलीमोठी पोस्टरं रंगवली. चाळीसच्या दशकात फर्निचरच्या धंद्यात मुलांच्या खोल्यांचं सामान आणि लाकडी खेळणी यांची डिझाइनं करून पोट भरलं. मुलांसाठीच्या पुस्तकात हेच आधी यायला हवं, असं वाटतं. उंटाला किंवा घोड्याला लाकडात उभं करायचं तर त्याची मान नेमकी कुठून वळते, हे माणसाला खेळणं करतानाच कळत असेल. पुढे आयुष्यभर त्यांनी घोडे काढले.

पण अनवाणी पायांची गोष्ट जास्त खपते. ती सुरू कुठून झाली हे मात्र फार थोड्या ठिकाणी सांगितलं जातं. गजानन माधव मुक्तिबोध हे हिंदीतले मोठे कवी, मराठी घरातले, मराठी कवी शरच्चंद्र मुक्तिबोध यांचे थोरले भाऊ. ११ सप्टेंबर १९६४ ला दिल्लीत ते गेले. त्यांच्या अंत्ययात्रेपासून हुसेन यांनी पायातली चप्पल सोडली, असं स्वतः हुसेन सांगत. म्हणजे ज्याला लहर म्हणून दाखवलं जातं ते एका कवीचं सुतक होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या मुलाला हे कळायला जड जाऊ नये. आषाढीला अनवाणी चालणारी माणसं त्यानं दरवर्षी पाहिलेली असतात. ही गोष्ट सांगावी, जरूर सांगावी. तरीही ती ऐकून हुसेन यांचं एकही चित्र जास्त कळत नाही, ही खंत उरतेच.

आईची गोष्ट निराळी आहे, आणि इथंच विचार अडतो. झैनबचा फोटो नव्हता. मुलाला तिचा चेहरा कधी आठवला नाही. हुसेन यांनी मदर तेरेसांची जी चित्रमालिका केली, तिच्यात निळ्या काठाची पांढरी साडी आहे, मांडीवर मूल आहे, आधार द्यायला पुढे आलेले हात आहेत. चेहऱ्याच्या जागी काळोख. चित्र आधी दाखवलं तर मूल विचारतं, चेहरा का नाही? मग आपापली उत्तरं शोधतं: अंधार आहे म्हणून, ती कुणाचीही आई असू शकते म्हणून, काढायचा राहिला म्हणून. गोष्ट आधी सांगितली तर एकच उत्तर उरतं आणि ते ऐकून सगळ्यांचे डोळे भरून येतात. दुसऱ्या वाटेनं गेलेलं मूल हुसेन यांच्या जवळ जातं. पहिल्या वाटेनं गेलेलं चित्राच्या जवळ जातं. यांतलं कुठलं मूल श्रीमंत झालं? दोन्ही हवं, असं म्हणणं सोपं आहे. आधी काय, हे ठरवावंच लागतं, कारण एकदा ऐकलेली गोष्ट मुलाला विसरायला लावता येत नाही.

आणि गोष्ट सांगायला घेतली तर कुठं थांबायचं? देवतांच्या चित्रांवरून वाद झाला, खटले झाले, २००६ पासून ते देशाबाहेर राहिले. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. तरी ते परतले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं, ९ जून २०११ ला लंडनमध्ये गेले, आणि तिकडेच सरे परगण्यातल्या ब्रुकवूड दफनभूमीत त्यांना पुरलं. पंढरपूरपासून सुरू झालेली गोष्ट ऐकून सातवीतली मुलगी विचारणार, मग ते परत का आले नाहीत? तिला खरं उत्तर द्यावं. सौम्य शब्दांत, पण खरं. चित्रकारांची बालचरित्रं बहुतेक वेळा पुरस्कारांपाशी संपतात, आणि मुलांना तेवढं पुरतं असं धरून चालणं हा मुलांवर अन्याय आहे.

गायतोंडे यांच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. वासुदेव गायतोंडे, जन्म १९२४ चा, नागपूरचा. दिल्लीत निजामुद्दीनला एका खोलीत राहिले, लोकांत फार मिसळले नाहीत, रोलरनं आणि सुरीनं रंगाचे थर चढवत आणि काढत वर्षाला मोजकीच चित्रं करत राहिले. गोष्ट म्हणावी असं हाताला काही लागत नाही. त्यांच्यावरच्या बालपुस्तकाला चित्रच दाखवत बसावं लागेल, आणि कदाचित ते सगळ्यांत प्रामाणिक पुस्तक होईल. मराठीत या वाटेचा मोठा आधार माधुरी पुरंदरे यांचा. त्या स्वतः मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या. मोठ्यांसाठी त्यांनी पिकासोचं चरित्र लिहिलं, पण मुलांसाठी ज्योत्स्ना प्रकाशनाच्या ‘वाचू आनंदे’ या चार भागांत मराठी वेच्यांच्या शेजारी भारतीय चित्रं नुसती ठेवून दिली. मूल धडा वाचता वाचता चित्राशी येतं, थबकतं किंवा पुढे जातं. कुणी परीक्षा घेत नाही.

परीक्षा म्हटली की सोलापुरातल्या मुलांना चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट आठवते. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून वर्गच्या वर्ग बसतात. तिच्यात वस्तुचित्र असतं, स्मरणचित्र असतं, आणि एक पेपर संकल्पचित्राचा: दिलेल्या आकारात फुलं, पानं, पक्षी बसवून नक्षी करायची, रंग सपाट आणि एकसारखे भरायचे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या मुलाच्या आजोबांनी हेच काम चादरींसाठी चाळीस वर्षं केलेलं असू शकतं. त्यांच्या हातचं काम महाराष्ट्रातल्या घराघरांत पांघरलं गेलं.

सोलापुरी चादरीवरचा मोर एकदा डोळ्यांजवळ नेऊन बघावा. लांबून त्याची मान सुरेख वळलेली दिसते. जवळून वळण कुठंच नाही, नुसत्या पायऱ्या आहेत: दोन धागे वर, एक बाजूला, पुन्हा दोन वर. चादर उलटली की तोच मोर मागच्या बाजूला, रंगांची अदलाबदल होऊन. कारण हा मोर आधी चौकटीच्या कागदावर काढला गेला. एकेक चौकट म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची एकेक गाठभेट. उभा धागा जिथं उचलायचा ती चौकट रंगवायची, बाकीची मोकळी सोडायची. मग त्या कागदाबरहुकूम पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची, पत्ते दोरीनं एकापुढे एक गुंफायचे आणि मागाच्या डोक्यावरच्या जकार्ड यंत्रावर चढवायचे. भोक असेल तिथं धागा उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. आता हे काम संगणकावर होतं. पण मानेचं वळण किती पायऱ्यांत बसवलं म्हणजे लांबून ती मान वाटेल, हा निर्णय आजही कुणाच्या तरी डोळ्याचा असतो. पिसाऱ्यातला डोळा गोल दिसावा म्हणून कुठल्या चार चौकटी मोकळ्या सोडायच्या, हाही. याला चित्रकला म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

चादरीच्या कडेला कारखान्याचं नाव विणलेलं असतं. नक्कल होऊ नये म्हणून ते लागतंच. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही आहे. मोर काढणाऱ्याचं नाव कुठंच नसतं. म्हण शेवटी इथं येऊन खरी ठरते. या गावात नक्षी इतकी पिकली, की ती कुणी काढली हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी इथं पिढ्यान्‌पिढ्या माग चालवले, भिंतीवर लावायची विणलेली चित्रं केली, त्यांत देवदेवता आणले, शिवाजी महाराज आणले. ही वॉल हँगिंग भेट म्हणून दूरदूर गेली. घेणाऱ्याला त्यात महाराज दिसले. विणणारा दिसला नाही.

जकार्ड हे नाव ज्याच्यावरून पडलं तो फ्रान्समधल्या लियाँचा जोसेफ मारी जकार्ड. त्याचा माग १८०४ चा. तो गेल्यानंतर १८३९ च्या सुमारास लियाँच्या विणकरांनी त्याचंच चित्र रेशमात विणलं, त्यासाठी सुमारे २४,००० पत्ते लागले. लंडनमध्ये चार्ल्स बॅबेजनं त्याची एक प्रत मिळवली होती. त्याच्या गणनयंत्राच्या कल्पनेमागे हेच भोकांचे पत्ते होते. लोक ते चित्र बघून कागदावरचं छापचित्र समजत. आज त्या विणीविषयी सगळं सांगता येतं: मूळ चित्र बोनफाँ नावाच्या चित्रकाराचं, विणणारा कार्किला, कारखाना दिदिए पेती यांचा. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका विणकराचं नाव सोलापुरात बसून माहीत होतं, कारण तिकडे कुणीतरी ते लिहून ठेवलं. इथल्या मोराचं मात्र काहीच हाताशी नाही.

म्हणजे नावांविषयी तक्रार घेऊन निघालेला विचार फिरून नावांपाशीच येऊन उभा राहिला. मुलांना नावं पाठ करायला लावू नयेत, हे अजूनही पटतं. पण नाव नसलं की काय होतं, तेही समोर दिसतंय. नाव नसलेल्या चित्रावर लोक निर्धास्त झोपतात, ते विटतं, फाटतं, पायपुसणं होतं, आणि ते कुणी काढलं होतं हे विचारणाराही राहत नाही. जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात शिरापूरला वाढलेले शशिकांत धोत्रे काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी माणसं उभी करतात. दगड फोडणाऱ्या घरातून आले, आज देशभर ओळखले जातात. त्यांचं नाव मुलांना सांगताना सोलापूरच्या शिक्षकांचा आवाज बदलतो, मुलं सावरून बसतात. तो परिणाम चित्राचा की नावाचा, की आपल्या जिल्ह्याचा, हे वेगळं काढता येत नाही. कदाचित काढूही नये. हुसेन यांच्या बिनचेहऱ्याच्या आईबद्दल आधी सांगावं की नंतर, याचंही उत्तर अजून मिळालेलं नाही.

तोवर एक काम मात्र करता येण्यासारखं आहे. सोलापुरात ज्यांच्या घरी, माळ्यावर किंवा बंद कारखान्याच्या कपाटात जुने चौकटीचे रंगवलेले कागद आणि पत्त्यांचे गठ्ठे पडून असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. नक्षी कुणी काढली, कुठल्या वर्षी, कुठल्या मागासाठी, हे सांगणारी माणसं आता थकली आहेत. त्यांना विचारून कागदाच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवावं, आणि घरातल्या मुलाला ते लिहिताना शेजारी बसवावं.