गाण्याचं खातं

गाणं कोणत्या खात्यात धरायचं, हे बी. कॉम.ला कुणी शिकवलं नाही. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांनी आठवड्याला एक अशी ५६ गाणी लिहिली, बाबूजींनी त्यांना चाली दिल्या. (आमच्याकडे आठवडाभरात एक पासबुक भरून होत नाही!)

त्यातलंच एक गाणं, आजोबांच्या आवडीचं, आमच्या जालन्याच्या शाखेत पेन्शनला येणाऱ्या एका आजींच्या मोबाईलवर आहे. नातवानं लावून दिलेलं. परवा ऐन गर्दीत ते वाजलं.

“आजी, फोन उचला की!” रांग ओरडली.

आजींनी फोन नुसताच कानाशी धरला. “उचलला की गाणं बंद पडतं, साहेब.”

तेवढ्यात ते आपोआपच थांबलं. मागचे सळईवाले शेठजी खिशातून स्वतःचा मोबाईल काढत म्हणाले, “आजी, नंबर सांगा तुमचा.”