सव्वा किलो तूप

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की आमच्याकडच्या बायका दोन कामं एकदमच काढायच्या. एक घर सारवायचं आणि दुसरं नानखटाईचं. करंज्या, चकल्या, कडबोळी घरच्या चुलीवर व्हायची. पण नानखटाईला भट्टी पाहिजे आणि भट्टी म्हटली की जयसिंगपूर.

आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. तिथनं जयसिंगपूर सायकलीनं पाऊण तास. शाहू महाराजांनी 1917 साली आपल्या जन्मदात्या वडलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं ही पेठ वसवली. मिरज-कोल्हापूर रेल्वेच्या कडेला, पट्टी ठेवून आखल्यासारखे सरळ रस्ते आणि नंबर घातलेल्या गल्ल्या. वाकड्या बोळांत वाढलेल्या मला तिथं गेलं की मुंबईला आल्यागत वाटायचं.

त्यातल्याच एका गल्लीत चाचांची बेकरी होती. दिवाळीत तिच्यापुढं डब्यांची रांग लागायची. मैदा, पिठीसाखर, तूप, वेलची, सगळं सामान ज्याचं त्यानं आणायचं. चाचा फक्त मजुरी घ्यायचे, किलोवर. मोठ्या परातीत आधी तूप आणि साखर हाताच्या तळव्यानं फेसायची. तूप पांढरं, हलकं, लोण्यासारखं झालं की मग मैदा, चिमूटभर खायचा सोडा, वेलची, जायफळ. पाणी एक थेंब नाही. तुपावरच पीठ मळायचं, गोळे वळून पत्र्यावर मांडायचे, वर एकेक चारोळी दाबायची.

भट्टी विटांची, लाकडावर पेटवलेली. तापली की निखारे ओढून काढायचे, तळ ओल्या पोत्यानं पुसायचा. पहिल्या कडक आचेला पाव जायचे. पाव निघाले की उतरत्या आचेवर नानखटाई. चाचा कागदाचा कपटा आत टाकून बघायचे. कागद झटकन काळा पडला तर थांबायचं, हळूहळू तांबूस झाला तर पत्रे आत सरकवायचे. ते काम बघत मी तास न् तास उभा राहायचो.

ही गोष्ट 1974 च्या दिवाळीची. मी चौदा वर्षांचा, नववीत. आईनं दोन महिने सायीचं लोणी साठवून तूप कढवलं होतं. घरात एकच म्हैस, रोजचं दूध विकायचं, त्यातनं वाटीभर मागं ठेवायचं, असं करून साठवलेलं ते तूप. जेवताना आमच्या पानात त्यातलं थेंबभर पडलं नव्हतं. कडीच्या डब्यात तिनं ते मोजून भरलं. 2 किलो मैद्याला सव्वा किलो तूप. "सांडू नगोस, सावकाश जा," एवढंच म्हणाली.

मी सांडलं नाही. विकलं.

वर्गातल्या पोरांनी फटाके आणले होते. लवंगीच्या माळा, भुईनळे, एकाकडं तर टिकल्यांचं पिस्तूल. आमच्यात फटाक्याला पैसे मिळत नव्हते. वाटेवर एक चहाचं हॉटेल होतं. घरच्या तुपाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. मालकानं डब्यात बोट घालून वास घेतला, अर्धा किलो काढून घेतलं आणि सात रुपये हातावर ठेवले. डब्यात पाऊण किलो उरलं. म्हटलं, सव्वा काय न् पाऊण काय, कुणाला कळतंय.

चाचांना डबा हातात घेतल्याबरोबर कळलं.

"पोरा, दोन किलोला एवढंच तूप?"

"आईनं एवढंच दिलंय."

"खुसखुशीत व्हायची न्हाईत. आईला इचारून येतोस का? उद्या भाजू."

"न्हाई, आजच पाहिजेत."

त्यांनी माझ्याकडं जरा बघितलं आणि परात पुढं ओढली. तूप कमी पडल्यावर पीठ गोळा होईना, तेव्हा त्यांनी आपल्या घरचं दूध घातलं. नानखटाईची सगळी गंमत तुपात असते. तूप पिठाच्या कणाकणाला लपेटून बसतं, म्हणून तोंडात घातली की ती विरघळते. तूप कमी आणि वरनं दुधाचा ओलावा म्हटल्यावर मैदा चिवट होतो आणि भाजल्यावर दगड. झालंही तसंच.

आईनं पहिली नानखटाई मोडायला घेतली. मोडेना. दातानं तोडली, मग गप्पच बसली. नंतर म्हणाली, "माझं तूप काढून घेतलं त्यानं."

मी उंबऱ्यावर उभा होतो. माझ्या खिशात लवंगीची माळ होती. तोंड उघडायला तेवढीच वेळ होती आणि ती मी घालवली.

दुसऱ्या दिवशी आण्णा, म्हणजे माझे वडील, डबा सायकलीला अडकवून निघाले. मला मागं बसवलं. बेकरीपुढं रांग होती. आण्णांनी डबा फळीवर आपटला आणि सगळ्यांसमोर चाचांना नको नको ते बोलले. गरिबाच्या पोराच्या डब्यातलं तूप चोरतोस, म्हणाले. रांगेतल्या बायकांनी आपापले डबे जवळ ओढून घेतलेले मला अजून दिसतात.

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी आण्णांच्या धोतराआड. त्यांच्या तोंडातनं एक शब्द निघाला असता, तर आण्णांनी मला तिथंच फोडून काढलं असतं. चाचा म्हणाले, "आण्णा, माझ्याकडनं काय तरी चुकलं आसंल." आत गेले, स्वतःच्या बरणीतली दोन किलो नानखटाई कागदात बांधून दिली. मजुरीचे पैसेही परत केले. आण्णांनी घेतले.

त्या वर्षापासनं आमची गल्ली दुसऱ्या बेकरीत जायला लागली. मग शेजारची गल्ली. चोरीची गोष्ट गावात पोचायला पाय लागत नाहीत. फटाके मी ओढ्याकाठी एकट्यानं उडवले. माळ एका दमात संपली.

1976 ला दहावी झालो आणि शेतात उतरलो. ऊस घेऊन, बाजाराला, ऊस परिषदेला, कितीदा तरी जयसिंगपूरला जाणं झालं. त्या गल्लीच्या तोंडाशी आलो की सायकल, पुढं मोटारसायकल आपोआप वळायची. एकदा बाजारात चाचा समोर आले. दाढी पांढरी झाली होती. "काय पोरा, बरं हाय का?" म्हणाले. मी "हाय" म्हणून पुढं गेलो. सांगायला एवढी जागा पुष्कळ होती. पुढं ते गेल्याचं कळलं. आई त्यांच्यानंतर चार वर्षांनी गेली. शेवटपर्यंत दिवाळी आली की ती म्हणायची, "त्या बेकरीवाल्यानं माझं तूप खाल्लं." मी ऐकून घ्यायचो. म्हातारपणी तिला कशाला दुखवायचं, असं स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मला भ्या वाटत होतं. चौदाव्या वर्षी वाटलं होतं तेवढंच.

ऑगस्ट 2019 मध्ये महापूर आला. शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात गेली. जनावरं पुढं घालून आम्ही जयसिंगपूरला आलो, एका शाळेत उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस टोपल्या घेऊन आला. टोस्ट, खारी आणि नानखटाई. प्रत्येकाच्या हातात देत देत माझ्यापाशी आला. चेहरा ओळखीचा वाटला म्हणून विचारलं, तर चाचांचा मुलगा.

हातातली नानखटाई खाववेना. त्याला बाजूला घेतलं आणि पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं. सात रुपये, हॉटेल, धोतराआडचा मी, सगळं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "काका, गिऱ्हाईक एकदम का तुटलं, हे आमाला कधी कळलंच न्हाई. अब्बा घरात कधी बोलले न्हाईत."

मला वाटलं होतं, तो म्हणेल, अब्बांनी तुम्हाला कधीच माफ केलं होतं. तसं काही नव्हतं. त्या माणसानं माझी चोरी बायकापोरांपासूनसुद्धा झाकून ठेवली होती आणि तिची किंमत त्याच बायकापोरांनी भरली होती.

पूर ओसरल्यावर गावात आलो आणि देवळाच्या कट्ट्यावर चारचौघांत ही गोष्ट सांगितली. माझ्या वयाचे काही हसले, "लेका, एवढ्या जुन्या गोष्टीचं काय!" म्हणाले. आमच्या शेजारची म्हातारी मात्र हसली नाही. "आमीबी त्याला चोर म्हणत हुतो की रं," म्हणाली आणि उठून घरात गेली.

आता दर दिवाळीला मीच डबा घेऊन त्या बेकरीत जातो. भट्टी आता विजेची आहे. कपटा टाकून बघायचं काम उरलं नाही, आकडा लावला की झालं. तूप मात्र घरचंच. मी डबा आधी तराजूवर ठेवतो. सव्वा किलो भरलं की मगच त्याच्या हातात देतो. "काका, दरवर्षी वजन कशाला? माझा इस्वास हाय," तो म्हणतो.

"आसू दे," मी म्हणतो. "तू बघ, काटा कुठं थांबलाय."