मोजणाऱ्याचे माप

उपग्रहाचे अवरक्त छायाचित्र हे खरे पाहता छायाचित्र नव्हेच. तो तापमानाचा तक्ता आहे. रात्री प्रकाश नसतो, उष्णता असते. सुमारे ३६,००० किलोमीटरवरून इन्सॅट-३डीआरसारख्या उपग्रहाचे संवेदक ढगांच्या माथ्यावरून निघणारे प्रारण टिपतात. माथा जितका उंच तितका थंड, आणि चित्रात तितका पांढरा.

आम्हांस या उपकरणातले इलेक्ट्रॉनिक्स नेहमीच मोहवीत आले आहे. येणारा संकेत इतका क्षीण, की संवेदकाची स्वतःची ऊबच त्याला गिळून टाकील. म्हणून उष्णता काळ्या अवकाशात टाकणाऱ्या एका पृष्ठभागाच्या साहाय्याने संवेदक उणे १७० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. मग प्रवर्धक तो संकेत वाढवतो आणि १,०२४ पायऱ्यांपैकी एकीवर त्याची नोंद होते. एवढे करूनही उपकरण स्वतःवर विसंबत नाही. ठरावीक वेळाने ते रिकाम्या अवकाशाकडे आणि तापमान ठाऊक असलेल्या एका काळ्या पृष्ठभागाकडे पाहून आपले माप ताडून घेते.

ही शिस्त रायगडास नवी नाही. विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम अलिबागला आणले गेले. १९०४ साली येथे उभ्या राहिलेल्या वेधशाळेत चुंबकीय पदार्थ कटाक्षाने टाळले होते.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. ते येणार हे आधीच कळले होते. आम्हीही आदल्या रात्री ती पांढरी भोवऱ्याची चित्रे पाहत बसलो होतो. इशाऱ्यांमुळे हजारो माणसे वेळीच हलवता आली. पण त्या चित्रातला एक ठिपका सुमारे ४ किलोमीटरचा असतो. दिवेआगरच्या साऱ्या वाड्या अशा एक-दोन ठिपक्यांत मावाव्यात. श्रीवर्धन-दिवेआगरकडे सुपारी-नारळीची झाडे आडवी झाली. सुपारी लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षे जातात.

मग पंचनामे झाले आणि मदतीचा हिशेब हेक्टरी निघाला. चार-पाच गुंठ्यांत दाटीने झाडे लावणाऱ्या वाडीवाल्याने विचारले, आमची झाडे कोण मोजणार? प्रश्न मापाचाच होता. आकाशातले यंत्र आपले माप दिवसातून कितीदा तरी तपासते. जमिनीवर मात्र ते चुकते आहे, हे ज्याची वाडी पडली त्यालाच सांगावे लागले.